‘सिस’ आणि ‘ट्रान्स’ : रसायनांच्या नावांतील हे उपसर्ग कसे वाचावेत आणि कसे लावावेत

सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पुस्तकात सिस-२-ब्यूटीन आणि ट्रान्स-२-ब्यूटीन ही नावे पहिल्यांदा शेजारीशेजारी येतात, तेव्हा बहुतेक विद्यार्थी ‘सिस म्हणजे एकाच बाजूला, ट्रान्स म्हणजे विरुद्ध बाजूंना’ एवढे वाक्य पाठ करून पुढे जातात. वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. कशाची बाजू, कोणत्या रेषेच्या संदर्भात, आणि नेमक्या कोणत्या दोन गटांची (रेणूत जोडलेल्या अणूंची किंवा अणुसमूहांची) तुलना, हे तिन्ही प्रश्न त्यात गाळलेले असतात. अकरावी-बारावीच्या परीक्षेत होणारी गल्लत आणि पुढे बी.एस्सी.ला धातूंची जटिल संयुगे शिकताना होणारा गोंधळ बहुतांशी या गाळलेल्या प्रश्नांमुळेच होतो. नागपुरात हा विषय शिकवताना मला सातत्याने असे दिसत आले आहे की उपसर्गांचे मूळ नीट समजले, तर पाठांतराची गरज फारशी उरत नाही. म्हणून येथे मुळापासूनच आरंभ केला आहे.

उपसर्ग कोठून आले

दोन्ही शब्द लॅटिन भाषेतील आहेत. ‘सिस’ म्हणजे अलीकडे आणि ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे. मराठीतील ऐलतीर आणि पैलतीर या शब्दांतले ‘ऐल’ आणि ‘पैल’ त्यांच्या अगदी जवळचे आहेत. प्राचीन रोमन लोक आल्प्स पर्वताच्या अलीकडच्या, म्हणजे आजच्या उत्तर इटलीतील, गॉल प्रदेशाला सिसाल्पाइन गॉल म्हणत आणि पर्वतापलीकडच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडील, प्रदेशाला ट्रान्साल्पाइन गॉल म्हणत. भारताच्या इतिहासातही हा शब्द येऊन गेला आहे. सतलज आणि यमुना या नद्यांच्या दरम्यान असलेल्या पतियाळा, नाभा, जिंद इत्यादी संस्थानांना इंग्रज ‘सिस-सतलज’ संस्थाने म्हणत असत, आणि १८०९ च्या अमृतसरच्या तहाने महाराजा रणजितसिंह यांचा विस्तार सतलजपाशी थांबला, तो याच संस्थानांच्या संदर्भात. इंग्रजांच्या दृष्टीने ही संस्थाने नदीच्या अलीकडे होती. लाहोरच्या दरबारातून पाहणाऱ्याला तीच संस्थाने पलीकडची होती.

या उदाहरणात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. लॅटिनमधील ‘सिस’ला बोलणारा लागतो, कारण तो कोठे उभा आहे हे कळल्याशिवाय अलीकडे कोणते आणि पलीकडे कोणते, हे ठरत नाही. रेणूमध्ये असा कोणी उभा नसतो. मग रसायनशास्त्राने हा शब्द स्वीकारला कसा? नागपूरचेच उदाहरण घेऊ. धरमपेठेत राहणाऱ्याला सीताबर्डी रेल्वेमार्गाच्या अलीकडे वाटते आणि इतवारी पलीकडे. इतवारीत राहणाऱ्याला याच्या बरोबर उलट वाटते. पण धरमपेठ आणि सीताबर्डी रेल्वेमार्गाच्या एकाच बाजूला आहेत, आणि सीताबर्डी व इतवारी विरुद्ध बाजूंना आहेत, हे विधान कोणीही कोठूनही केले तरी बदलत नाही. रसायनशास्त्राने बोलणाऱ्याला वगळून नेमका हा दुसरा अर्थ घेतला आहे. एक गट निवडायचा, बोलणाऱ्याची जागा त्याला द्यायची, आणि दुसरा गट त्याच्या तुलनेने रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढेच पाहायचे. त्यामुळे एकट्या गटाला ‘सिस’ किंवा ‘ट्रान्स’ म्हणणे निरर्थक ठरते. हे शब्द नेहमी जोडीलाच लागतात.

रसायनशास्त्रात या शब्दांची गरज निर्माण झाली ती मॅलेइक आम्ल आणि फ्युमॅरिक आम्ल या जोडीसारख्या कोड्यांमुळे. दोन्हींचे रेणुसूत्र एक, अणूंच्या जोडणीचा क्रमही एकच, पण गुणधर्म इतके वेगळे की ती एकाच रचनेची रूपे आहेत यावर विश्वास बसू नये. मॅलेइक आम्ल १३५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, तर फ्युमॅरिक आम्लाचा द्रवणांक, तो बंद नळीत मोजावा लागतो, सुमारे २८७ अंश आहे. पहिले पाण्यात सहज विरघळते, दुसरे जेमतेम. पहिले तापवले की त्यातून पाण्याचा रेणू निघून जातो आणि अॅनहायड्राइड मिळते. दुसरे इतक्या सहजतेने तसे करत नाही. डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांनी १८७४ मध्ये कार्बनच्या बंधांची दिशा त्रिमितीत मांडली, आणि दुहेरी बंधाभोवती अणू मोकळेपणाने फिरू शकत नाहीत या विचारातून या कोड्याचे उत्तर मिळाले. मॅलेइक आम्लातील दोन कार्बॉक्सिल (COOH) गट दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला असल्याने एकमेकांना भिडू शकतात आणि पाणी सोडून वलय तयार करू शकतात. फ्युमॅरिक आम्लात ते विरुद्ध बाजूंना असल्याने एकमेकांपर्यंत पोहोचतच नाहीत. ‘सिस’ आणि ‘ट्रान्स’ हे शब्द १८८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मन रसायनशास्त्रज्ञ अॅडॉल्फ फॉन बायर यांनी वलयी संयुगांच्या संदर्भात वापरात आणले, आणि पुढे ते दुहेरी बंधाच्या संयुगांनाही लागू लागले.

आधी रेषा शोधावी

नाव वाचताना किंवा लिहिताना पहिले काम म्हणजे आल्प्स किंवा सतलज कोठे आहे, हे शोधणे. एकेरी बंध ही अशी सीमा होऊ शकत नाही, कारण त्याभोवती गट सामान्य तापमानाला सतत फिरत असतात. ईथेनमधील एकेरी बंधाभोवती फिरण्यासाठी दर मोलला सुमारे १२ किलोज्यूल ऊर्जा पुरते. दुहेरी बंधाभोवती फिरायचे तर त्यातील पाय (π) बंध, म्हणजे दोन बंधांपैकी कमकुवत बंध, तोडावा लागतो आणि त्यासाठी दर मोलला २५० किलोज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा लागते. एवढी ऊर्जा खोलीच्या तापमानाला मिळत नाही, म्हणून सिस रूप सिसच राहते आणि ट्रान्स रूप ट्रान्सच राहते, आणि दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत भरून ठेवता येतात. कागदावर दुहेरी बंध आडवा काढावा आणि त्याच्याच दिशेने एक रेषा पुढे-मागे वाढवावी. रेषेच्या वर काय आहे आणि खाली काय आहे, हे पाहावे. डावे आणि उजवे यांच्याशी येथे काही संबंध नाही. अनेक विद्यार्थी बंधाला छेदणारी उभी रेषा काढतात आणि तेथेच चुकतात.

वलयी संयुगांत दुहेरी बंधाऐवजी वलयाचे प्रतल हीच सीमा असते. सिस-१,२-डायमिथिलसायक्लोहेक्झेनमध्ये दोन्ही मिथिल (CH₃) गट प्रतलाच्या एकाच अंगाला असतात. खुर्चीच्या आकाराची आकृती काढल्यावर यांपैकी एक गट अक्षीय, म्हणजे वलयाला उभा, आणि दुसरा विषुवीय, म्हणजे वलयाच्या कडेने बाहेर जाणारा, दिसतो, त्यामुळे ते विरुद्ध बाजूंना असल्याचा भास होतो. अशा वेळी प्रत्येक गट आपल्या कार्बनवरील हायड्रोजनच्या तुलनेने वर आहे की खाली, एवढेच तपासावे.

मग उपसर्ग लागू होतो का, ते तपासावे

दुहेरी बंध दिसला की लगेच उपसर्ग लावण्याची घाई करू नये. दुहेरी बंधाच्या दोन्ही कार्बनांपैकी प्रत्येकावर दोन वेगवेगळे गट असले, तरच दोन रूपे संभवतात. प्रोपीनच्या शेवटच्या कार्बनवर दोन हायड्रोजन असतात. त्यांची अदलाबदल केली तरी रेणू तोच राहतो, म्हणून सिस-प्रोपीन असे काही नसते. १-ब्यूटीनचेही तसेच. २-ब्यूटीनमध्ये मात्र प्रत्येक कार्बनवर एक मिथिल आणि एक हायड्रोजन असल्याने दोन रूपे मिळतात. २-मिथिल-२-ब्यूटीनमध्ये एका कार्बनवर दोन मिथिल येतात आणि शक्यता पुन्हा संपते. ही तपासणी काही क्षणांची आहे, पण बहुपर्यायी प्रश्नांत सर्वाधिक गुण येथेच जातात.

काही वेळा उपसर्ग लागू असूनही लिहिला जात नाही, आणि त्यालाही कारण आहे. सायक्लोहेक्झीनमधील दुहेरी बंध सिसच असतो, कारण सहा कार्बनांच्या वलयात ट्रान्स बंध बसवण्याइतकी जागा नसते. साध्या परिस्थितीत टिकून राहणारे आणि बाटलीत ठेवता येणारे ट्रान्स रूप आठ कार्बनांच्या सायक्लोऑक्टीनपासून पुढेच मिळते. जेथे पर्यायच नाही तेथे उपसर्गाची गरज नाही.

दोन्ही कार्बनांवर एकसारखा गट असेल, तर जोडी आपोआप ठरते. १,२-डायक्लोरोईथीनमध्ये दोन क्लोरीन पाहावेत. ते एकाच बाजूला असतील तर सिस, विरुद्ध बाजूंना असतील तर ट्रान्स. या संयुगात उपसर्गाचा परिणामही स्पष्ट दिसतो. सिस रूपात दोन्ही कार्बन-क्लोरीन बंधांची ध्रुवीयता एका दिशेने एकत्र येते, त्यामुळे रेणू ध्रुवीय होतो आणि त्याचा उत्कलनांक सुमारे ६० अंश असतो. ट्रान्स रूपात या ध्रुवीयता एकमेकींना पूर्णपणे रद्द करतात आणि उत्कलनांक सुमारे ४८ अंशांवर येतो. द्रवणांकाचा क्रम मात्र बहुधा उलटा असतो, कारण सरळ आणि सममित ट्रान्स रेणू स्फटिकात अधिक नीट रचले जातात. उत्कलनांक ध्रुवीयतेकडे पाहून आणि द्रवणांक रचणीकडे पाहून ठरवावा, हे सूत्र विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तेलातील आकडे कसे वाचावेत

रेणूत अनेक दुहेरी बंध असतील, तर उपसर्ग कोणत्या बंधाचा आहे हे अंकाने सांगितले जाते. जवसाच्या तेलातील प्रमुख मेदाम्लाचे, अल्फा-लिनोलेनिक आम्लाचे, वर्णन सिस,सिस,सिस-९,१२,१५ असे केले जाते. म्हणजे नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या कार्बनापासून सुरू होणारे तिन्ही बंध सिस आहेत. प्रत्येक सिस बंधापाशी रेणूच्या साखळीला बाक येतो, आणि असे बाकदार रेणू एकमेकांलगत नीट बसत नाहीत. विदर्भातल्या घरांत डिसेंबर-जानेवारीत खोबरेल तेल बाटलीत थिजलेले असताना जवसाचे तेल वाहते राहते, त्यामागे हे बाक आहेत. खोबरेलातील बहुतेक मेदाम्ले संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेली आणि सरळ साखळीची असतात.

एका उपसर्गाने किती फरक पडतो हे पाहायचे असेल, तर ओलेइक आणि इलायडिक आम्लांची तुलना करावी. दोन्हींत अठरा कार्बन आणि नवव्या कार्बनापाशी एकच दुहेरी बंध असतो. सिस असलेले ओलेइक आम्ल सुमारे १३ अंशांना वितळते, तर ट्रान्स असलेले इलायडिक आम्ल सुमारे ४५ अंशांना, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यातील कडक दुपारच्या तापमानाला. वनस्पती तूप तयार करताना द्रव तेलातून निकेल उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजन नेला जातो. उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर पहिला हायड्रोजन जोडला गेला की दुहेरी बंधाची जागा एकेरी बंध घेतो आणि साखळी फिरू शकते. दुसरा हायड्रोजन जोडला जाण्याऐवजी एखादा हायड्रोजन पुन्हा निघून गेला, तर दुहेरी बंध परत तयार होतो, पण आता बहुधा अधिक स्थिर अशा ट्रान्स रूपात. अंशतः हायड्रोजनीकरणातून ट्रान्स मेद का निर्माण होतात, याचे हे उत्तर आहे. अन्नपदार्थांच्या वेष्टनावर जो ‘ट्रान्स फॅट’ असा उल्लेख असतो, त्यातील ट्रान्स म्हणजे आपण येथे पाहत असलेलाच उपसर्ग. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेले आणि मेद यांतील औद्योगिक ट्रान्स मेदाम्लांची मर्यादा २ टक्क्यांवर आणली. नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत तेल-तंत्रज्ञान हा विषय अनेक दशकांपासून शिकवला जातो, त्यामुळे या शहरातील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला या उपसर्गाचे व्यावहारिक रूप पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही.

नैसर्गिक रबर आणि गटापर्चा (झाडाच्या चिकापासून मिळणारा रबरासारखा पदार्थ) यांची जोडीही अशीच आहे. दोन्ही आयसोप्रीन या लहान रेणूच्या लांब साखळ्या आहेत. रबरातील दुहेरी बंध सिस असल्याने ते ताणले जाते आणि पूर्ववत होते. गटापर्चातील बंध ट्रान्स असल्याने तो कडक असतो, आणि दंतवैद्य रूट कॅनलच्या उपचारात दाताची पोकळी भरण्यासाठी त्याचा वापर करतात.

धातूंच्या संयुगांत अर्थ किंचित बदलतो

प्लॅटिनम किंवा कोबाल्ट यांच्या जटिल संयुगांत दुहेरी बंध नसतो आणि वलयाचे प्रतलही नसते. तेथे मध्यभागी धातूचा अणू असतो आणि भोवती गट ठरावीक दिशांना जोडलेले असतात. चौरस रचनेत दोन सारखे गट शेजारच्या कोपऱ्यांवर, म्हणजे ९० अंशांच्या कोनात असतील तर सिस, आणि समोरासमोर, म्हणजे १८० अंशांवर असतील तर ट्रान्स. येथे धातूचा अणू हाच मधला पर्वत समजावा: त्याला ओलांडून समोर जावे लागले तर ट्रान्स. अष्टफलकीय, म्हणजे धातूभोवती सहा गट असलेल्या, रचनेतही हाच नियम लागतो. चतुष्फलकीय, म्हणजे त्रिमितीत चार दिशांना चार गट असलेल्या, रचनेत मात्र चारही जागा एकमेकींच्या सारख्याच शेजारी असतात, समोरची अशी जागाच नसते, म्हणून तेथे हा उपसर्ग लावता येत नाही.

या शाखेत उपसर्ग येण्यापूर्वी रसायनशास्त्रज्ञ रंगावरून नावे देत असत, हा इतिहास मला विशेष बोधप्रद वाटतो. दोन क्लोरीन असलेल्या कोबाल्टच्या हिरव्या क्षारांना ‘प्रॅसिओ’ म्हणत, आणि जांभळ्या क्षारांना ‘व्हायोलिओ’. आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या अष्टफलकीय रचनेच्या सिद्धान्तानुसार चार अमोनिया आणि दोन क्लोरीन असलेल्या संयुगाची नेमकी दोन रूपे असायला हवी होती, पण त्याचे तोपर्यंत हिरवेच रूप हाती आले होते. १९०७ मध्ये वेर्नर यांनी त्याचे जांभळे रूप मिळवले आणि त्यांच्या सिद्धान्ताला असलेला मोठा विरोध मावळला. हिरवे ते ट्रान्स, जांभळे ते सिस. रंगाच्या नावावरून पदार्थ कसा दिसतो एवढेच कळत होते. नव्या उपसर्गांमुळे अणू कोठे आहेत हे नावातच आले. १९१३ चे नोबेल पारितोषिक वेर्नर यांना मिळाले.

सिसप्लॅटिन या औषधाच्या नावातच हा उपसर्ग आहे. हे संयुग इटालियन रसायनशास्त्रज्ञ मिकेले पेरोने यांनी १८४५ मध्ये तयार केले होते. अमेरिकेतील बार्नेट रोझेनबर्ग यांना १९६० च्या दशकात प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांवर प्रयोग करताना जिवाणूंचे विभाजन थांबलेले दिसले आणि त्याचे कारण शोधताना हे जुने संयुग कर्करोगाचे औषध म्हणून पुढे आले. १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. सिसप्लॅटिनमधील दोन क्लोरीन शेजारीशेजारी असल्याने ते निघून गेल्यावर रिकाम्या झालेल्या दोन जागा डीएनएच्या एकाच धाग्यावरील लगतच्या दोन ग्वानिनांना (डीएनएच्या चार घटकांपैकी एक) पकडू शकतात. ट्रान्स रूपात या जागा समोरासमोर असल्याने तशी पकड बसत नाही, आणि ते रूप औषध म्हणून उपयोगी पडत नाही.

जेथे ‘सिस’ आणि ‘ट्रान्स’ अपुरे पडतात

दुहेरी बंधाच्या दोन कार्बनांवर एकसारखा गट नसेल, किंवा तीन-चार वेगवेगळे गट असतील, तर कोणती जोडी पाहावी याबद्दल दोन माणसे दोन उत्तरे देऊ शकतात. १-ब्रोमो-१,२-डायक्लोरोईथीन पाहा. एका कार्बनवर ब्रोमीन आणि क्लोरीन, दुसऱ्यावर क्लोरीन आणि हायड्रोजन. दोन क्लोरीनांकडे पाहणारा ज्या रूपाला सिस म्हणेल, त्याच रूपात ब्रोमीन आणि समोरच्या कार्बनवरील क्लोरीन विरुद्ध बाजूंना असतात. अशा वेळी कान, इनगोल्ड आणि प्रेलॉग या रसायनशास्त्रज्ञांनी घालून दिलेले अग्रक्रमाचे नियम वापरावेत आणि ‘ई’ किंवा ‘झेड’ हे चिन्ह लावावे. प्रत्येक कार्बनवरील दोन गटांपैकी ज्याचा थेट जोडलेला अणू अधिक अणुअंकाचा, तो वरिष्ठ. पहिला अणू सारखाच असेल तर त्याला जोडलेले पुढचे अणू तपासावेत. दोन्ही वरिष्ठ गट एका बाजूला असतील तर झेड, विरुद्ध बाजूंना असतील तर ई. ही अक्षरे ‘एकत्र’ आणि ‘विरुद्ध’ या अर्थांच्या ‘त्सुझामेन’ आणि ‘एंटगेगेन’ या जर्मन शब्दांची आद्याक्षरे आहेत. वरील उदाहरणात पहिल्या कार्बनवर ब्रोमीन वरिष्ठ आणि दुसऱ्यावर क्लोरीन वरिष्ठ. म्हणून दोन क्लोरीन एका बाजूला असलेले, ज्याला कोणी सिस म्हणेल, ते रूप प्रत्यक्षात ई आहे. यावरून सिस म्हणजे झेड आणि ट्रान्स म्हणजे ई असे सरसकट समीकरण मांडू नये.

‘ट्रान्स’ या शब्दाचे आणखी उपयोग रसायनशास्त्रात आहेत आणि ते या जोडीत मोडत नाहीत. युरेनियमच्या, म्हणजे ९२ या अणुअंकाच्या, पलीकडील मूलद्रव्यांना ट्रान्सयुरेनियम मूलद्रव्ये म्हणतात; तेथे मूळचा लॅटिन अर्थ जसाच्या तसा आहे. ट्रान्सएस्टरीकरण किंवा ट्रान्सअमायनीकरण यांत एका रेणूवरून दुसऱ्या रेणूवर गट नेण्याची क्रिया अभिप्रेत असते. नावात ‘ट्रान्स’ दिसल्यावर त्याच्यानंतर संयोगचिन्ह आहे का, हे पाहावे. समघटकतेचा, म्हणजे एकाच रेणुसूत्राची वेगवेगळी रूपे दाखवणारा, उपसर्ग संयोगचिन्हाने जोडला जातो, छापताना तिरप्या अक्षरांत येतो आणि अकारविल्हे सूचीत नावाचा क्रम ठरवताना मोजला जात नाही. म्हणून इंग्रजी सूचीत ट्रान्स-२-ब्यूटीन ‘टी’खाली शोधू नये, ते ‘बी’खाली सापडेल.

सरावासाठी ३-मिथिल-२-पेंटीन घ्यावे. दुसऱ्या कार्बनवर मिथिल आणि हायड्रोजन आहेत, तिसऱ्यावर मिथिल आणि इथिल. प्रत्येक कार्बनवर दोन वेगळे गट असल्याने दोन रूपे संभवतात. दोन मिथिल विरुद्ध बाजूंना असलेले रूप काढावे. मिथिलांकडे पाहणारा त्याला ट्रान्स म्हणेल, मुख्य साखळीकडे पाहणारा सिस म्हणेल. इथिल मिथिलापेक्षा वरिष्ठ आणि मिथिल हायड्रोजनपेक्षा वरिष्ठ. हे दोन्ही वरिष्ठ गट एकाच बाजूला येतात, म्हणून उत्तरपत्रिकेत या रूपाचे नाव झेड-३-मिथिल-२-पेंटीन असे लिहावे.